एकशे सात नंबरची फाइल

४ जून

प्रिय चिमे,

तुमच्या नगरपालिकेचं तिसरं स्मरणपत्र आज आलं. या वेळी त्याखाली तुझी सही आहे, म्हणून मला हे लिहावं लागतंय. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू हसतेस आणि मला काय सांगायचं होतं तेच मी विसरते.

मुद्दा एकशे सात नंबरच्या मुलीचा. मुलगी नऊ वर्षांची. घरात आईशी, आजीशी बोलते. घराबाहेर पडली की दोन वर्षं तोंडातून शब्द नाही. शाळेत हजेरीलाही नुसता हात वर करते. आमच्या मार्गदर्शन कक्षात चौदा महिने दर बुधवारी चार वाजता ती माझ्यासमोर बसली आहे. एप्रिलमध्ये तिच्या आईबापांनी वेगळं राहायचं ठरवलं, आई मुलीला घेऊन पुलापलीकडे आजीकडे गेली, आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी म्हणून आजीने तिला जवळच्या केंद्रात, म्हणजे तुझ्याकडे, तीनदा आणलं. तेवढ्यावर तुम्ही नवी फाइल उघडलीत आणि आता माझी मूळ फाइल मागता.

दोन्ही नगरपालिकांचा ठराव तुझ्याकडे असेलच. मूल ज्या हद्दीत राहतं, त्या हद्दीची नगरपालिका त्याच्या मानसिक आरोग्याची जबाबदार. मूल दोन घरी राहत असेल तर जास्त रात्री जिथे काढतं ती हद्द धरायची. मुलगी शुक्रवार ते रविवार बापाकडे असते, म्हणजे आमच्याकडे. मे महिन्यात तर एकतीसपैकी सतरा रात्री ती बापाकडे होती. मी त्याला विचारून लिहून घेतलं आहे. शिवाय शाळा आमची. तेव्हा मुलगी आमची.

आणखी एक. तुमच्या अहवालात लिहिलंय की तिसऱ्या भेटीत मुलगी बोलली. काय बोलली ते लिहिलेलं नाही. अशी नोंद अपुरी असते. मी तुला नोंदी लिहायला शिकवल्या तेव्हा हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

नगराध्यक्षांच्या हस्ते तुझ्या केंद्राला मानचिन्ह मिळाल्याचं कळलं. अभिनंदन. माशांची टाकीसुद्धा बसवलीत म्हणे.

तुझी,
ताई


९ जून

ताई,

पत्र पोचलं. पाकिटावरचं तुझं अक्षर बघूनच मी खुर्चीत ताठ बसले. आमची शिपाईबाई म्हणाली, "कुणाचं समन्स आलं?" मी म्हटलं, आतेबहिणीचं.

अगं, तू पोरीच्या रात्री मोजल्यास? बापाला विचारून? तो माणूस ट्रक चालवतो, निम्म्या रात्री तोच घरी नसतो. मे महिना सुट्टीचा, तो कसा धरायचा? एरवी सोमवार ते गुरुवार ती आजीकडे असते. चार रात्री आमच्या, तीन तुमच्या. हिशेब तुलाच शिकवायचा होता, मला नाही.

माशांची टाकी आहे. सहा मासे आहेत. टाकी बघून तू नाक मुरडशील हे मला ती बसवतानाच दिसत होतं.

आता कामाचं. आमच्याकडे बालमनोविकारांचे डॉक्टर दोन महिन्यांतून एकदाच येतात. तुमच्याकडे येतच नाहीत, हे तुला माहीत आहे. येत्या २६ जूनला येणार आहेत आणि मी मुलीचं नाव तिसऱ्या क्रमांकावर लावलंय. पण आधीच्या कामाची मूळ फाइल समोर असल्याशिवाय ते नवं मूल तपासत नाहीत. तुझ्या चौदा महिन्यांच्या नोंदी नसतील तर तिची वेळ दुसऱ्या मुलाला जाईल आणि ही थेट ऑगस्टअखेर. म्हणून तीन स्मरणपत्रं. त्यात दुसरं काही नाही.

काय बोलली म्हणतेस. मुलं काय, काहीबाही बोलतात. बोलली हे महत्त्वाचं. तिला इथलं वातावरण मोकळं वाटलं असावं.

एक सांगू? लहानपणी मी तुझे आखूड झालेले फ्रॉक घातले, तुझ्या उरलेल्या वह्यांत गणितं केली, कॉलेजात तुझ्याच विषयाला गेले. नोकरीला लागले तेव्हा मुलाखतीत पहिला प्रश्न आला, त्या पुलापलीकडच्या बाई तुमच्या कोण? या वेळी जरा मला खूश होऊ दे ना.

फाइल पाठव.

तुझी,
चिमी


१५ जून

प्रिय चिमे,

फाइल रेकॉर्डरूममध्ये गेली आहे आणि तिथला कारकून रजेवर आहे. शिवाय हद्दीचा प्रश्न मिटेपर्यंत मूळ कागद बाहेर देता येत नाहीत. त्याला मुख्याधिकाऱ्यांची मंजुरी लागते. मी तसा अर्ज केला आहे. अर्जाची प्रत तुमच्या कार्यालयाला पाठवली आहे. मुलीच्या आईलाही राहण्याचा पुरावा आणून देण्याबद्दल पत्र दिलं आहे. तोपर्यंत आमच्याकडून तिची सेवा स्थगित.

फ्रॉकबद्दल. ते आखूड झालेले नव्हते. निळा फ्रॉक मला आणखी एक वर्ष आला असता. मामी म्हणाली, चिमीला शोभेल, आणि आईने माझ्या अंगावरून काढून दिला. तू तो घालून फोटोत उभी आहेस. तेव्हा कुणाला काय मिळालं ते तूच एकदा नीट आठव.

"मोकळं वातावरण" हे शब्द मला तीनदा वाचावे लागले. माझी खोली तू पाहिली आहेस. पाणीपट्टीच्या खिडकीशेजारी, मध्ये प्लायवूड. दिवसभर शिक्क्यांचा आवाज येतो. या कक्षाला स्वतंत्र जागा मिळावी म्हणून मी एकोणतीस वर्षं अर्ज केले. सुरुवातीला तर साथरोगाच्या नोंदींचं कपाट माझ्या खोलीत होतं आणि मुलांच्या मनाचं काम हे नगरपालिकेचं कामच नाही, असं एक सदस्य सभेत उभं राहून म्हणाले होते. गटारं आणि दिवे बघा म्हणाले. मी त्यांना कायद्याचं कलम वाचून दाखवलं होतं. तुमची टाकी ज्या जबाबदारीच्या नावाखाली मंजूर झाली ती जबाबदारी कुणी कागदावर आणली, हे मानचिन्हावर कोरलेलं नसेल. नसू दे.

त्या मुलीबरोबर मी त्रेपन्न बुधवार बसले. खेळणी दाखवली, चित्रं दाखवली, बाहुली बोलवून पाहिली. काही नाही. पुढे पुढे मी प्रश्न विचारणंच सोडलं. माझ्या टेबलाला दांडा फिरवून पेन्सिलींना टोक करायचं जुनं यंत्र आवळलेलं आहे. हातांना काम हवं म्हणून मी टोकं करायची, ती पेन्सिली पुढे सरकवायची. नंतर ती दांडा फिरवायची, मी पेन्सिली द्यायची. पाच वाजले की तिची आई दारात यायची. मी नोंद करायची: "बोलली नाही." त्रेपन्न वेळा हे दोन शब्द लिहिले आहेत. आणि तुझ्याकडे तिसऱ्या भेटीत.

सोड. कारकून आला की बघू.

ताई


२ जुलै

ताई,

२६ तारीख गेली. डॉक्टर आले, सात मुलं तपासली आणि गेले. तिसरी वेळ दुसऱ्या मुलाला मिळाली.

ऐक आता. तुझ्या अर्जाची प्रत आमच्या मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर आली. त्यांनी "हद्द विवादित" हे शब्द वाचले आणि लाल शाईने शेरा मारला: निर्णय होईपर्यंत आमच्याकडूनही सेवा स्थगित. मी भांडले. ते म्हणाले, "बाई, तुमच्याच बहिणीचं पत्र आहे."

मुलीची आई १९ तारखेला आली होती. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला आहे, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. तिच्या एका हातात तुझं पत्र होतं, दुसऱ्या हातात आमचं. दोन्ही तिने माझ्यापुढच्या खिडकीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही दोघी आधी ठरवा पोर कुणाची ते. ठरलं की निरोप धाडा. मी कामावर चालले." मुलगी तिच्या मागे उभी होती. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. टाकीकडे पाहत होती.

त्यानंतर ती कुठेच येत नाही. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे नाही. काल मी आजीला फोन केला. आधी ती जिन्यात शेजारणीला तरी हो-नाही म्हणायला लागली होती. आता घरात आईशीसुद्धा कमी बोलते, असं आजी म्हणाली. दप्तर भरून बसते आणि बघत राहते.

तुमचा कारकून रजेवरून आला का? की त्याला बढती मिळून तो आणखी दूर गेला? ताई, तुझ्याकडे आजवर एक कागद हरवलेला मी पाहिला नाही.

चिमी


८ जुलै

प्रिय चिमे,

फाइल रेकॉर्डरूममध्ये नव्हती. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होती. पहिलं स्मरणपत्र आलं त्या दिवशी मीच ती तिथे ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. कारकून रजेवर होता हे खरं आहे. तो तीनच दिवस रजेवर होता.

हे लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची चौकशी लावली असती.

ठरावाचा अर्थ मी बरोबर लावत नव्हते, हेही मला ठाऊक होतं. तो ठराव मीच लिहिलेला आहे. रात्री मोजायचं कलम अशासाठी घातलं की मूल दोन्हीकडून टाकलं जाऊ नये. मी त्याच कलमाने ते दोन्हीकडून टाकलं. मुलगी तुझ्याशी बोलली हे वाचलं आणि माझ्या पोटात दुखलं. याला दुसरं काही कारण नाही. तू माझ्या हाताखाली शिकलीस, तू गोड बोलतेस, तुझ्याभोवती पोरं गोळा होतात, हे सगळं मला पूर्वीपासून माहीत आहे आणि चालतंही. पण हे मूल माझं होतं असं मी धरून बसले होते. सप्टेंबरमध्ये मी निवृत्त होणार. जाता जाता एक तरी नोंद वेगळी लिहावी अशी इच्छा होती.

काल मंगळवारी संध्याकाळी मी पूल ओलांडून आजीकडे गेले. तिसरा मजला, जिन्यात सायकली. आजीने दार उघडलं आणि माझं ओळखपत्र न बघताच म्हणाली, "आलात का, बसा." मला वाटलं मी कोण ते तिला कळलं नाही. मुलगी खिडकीशी बसली होती. मला बघून उठली, आत गेली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि झाकण काढलं. आत पेन्सिली होत्या. सतरा. मी मोजल्या. एकीलाही टोक नव्हतं, सगळ्या बोथट किंवा मोडलेल्या.

ती उभी राहिली, मी बसून राहिले. माझ्या पर्समध्ये साधं ब्लेडसुद्धा नव्हतं. मला वाटलं, ती मला दाखवतेय की तुझ्याकडचे चौदा महिने असे गेले. मी झाकण लावून डबा परत दिला. चहा न घेता उठले.

आज बुधवार. चार वाजता मी खुर्ची ओढून ठेवली. सवयीने.

एक विचारते, आणि या वेळी ते अहवालासाठी नाही. ती काय बोलली?

ताई


१० जुलै

ताई,

तू लिहिलंस म्हणून मला लिहिता येतंय. तू आधी लिहिलं नसतंस तर मी लिहिलं नसतं, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या भेटीत मी तिच्यापुढे कागद ठेवला आणि रंगीत पेन्सिलींचा डबा ठेवला. तिने एक उचलली, टोक पाहिलं, खाली ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. सगळ्या झाल्यावर माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "इथं पेन्सिलींना टोक का नाही?"

मी म्हटलं, तुला टोकदार आवडतात का? ती म्हणाली, "टोकवाल्या बाईंकडे असतात."

टोकवाल्या बाई म्हणजे तू, ताई.

मग तासभर ती बोलली, आणि तासभर तुझ्याबद्दलच बोलली. टोकवाल्या बाईंचं यंत्र हिरवं आहे. दांडा उलटा फिरवला तर शिसं मोडतं. त्या भुगा एका वाटीत काढतात. शेजारी शिक्का पडला की आम्ही दोघी एकदम थांबतो आणि मग पुन्हा फिरवतो. मी विचारलं, मग तू त्यांच्याशी का बोलत नाहीस? तर म्हणाली, "त्या विचारत नाहीत. तिथं बोलायचं नसतं, तिथं काम असतं." हे असं सांगितलं की जणू मीच काहीतरी वेडगळ विचारलं.

माझ्याकडे मासे होते, बाहुल्या होत्या, भिंतीवर चित्रकार बोलावून काढून घेतलेलं जंगल होतं. आणि पोर माझ्यासमोर बसून तुझ्या वाटीतल्या भुग्याचं वर्णन करत होती. मी ते लिहून घेतलं होतं. संध्याकाळी अहवाल टाइप करताना ते काढलं आणि "मुलगी बोलली" एवढंच ठेवलं. समितीपुढे मी म्हटलं की केंद्रातल्या प्रसन्न वातावरणामुळे मूल खुललं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच बैठकीत मानचिन्हाचं ठरलं. फ्रॉक पुन्हा तुझाच निघाला आणि मी तो माझा म्हणून फोटो काढून घेतला.

फाइल मिळावी म्हणून मी तीन स्मरणपत्रं पाठवली, ती डॉक्टरांसाठी होती हे खरं. पण मुलगी तुझ्या खोलीत परत जाऊ नये, हेही मला हवं होतं. एकदा माझ्याकडे नोंदली गेली की ती माझी. म्हणजे तू रात्री मोजत होतीस तेव्हा मीही मोजतच होते.

आणि तो डबा. मी आजीला फोन करून विचारलं. ती तुला काही दाखवून देत नव्हती गं. त्या पेन्सिली तिने तुझ्यासाठी साठवल्या होत्या. एप्रिलपासून तिने कुणाला त्यांना टोक करू दिलं नाही. आजीने सुरीने करून द्यायला घेतल्या तर डबा पोटाशी धरून बसली. आजीने तुला बघून "आलात का" म्हटलं, ते तू कोण हे तिला कळलं होतं म्हणून.

आता तू सांग ते करते.

चिमी


१३ जुलै

प्रिय चिमे,

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी मी काहीही केलं नाही. आज केलं ते असं:

मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवलं की हद्दीबद्दलचा माझा अर्ज चुकीचा होता, तो मी मागे घेते आणि चूक माझी आहे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मुलगी पलीकडच्या नगरपालिकेची, असं त्यांच्या सहीचं पत्र सोबत जोडलं आहे. ते तुझ्या मुख्याधिकाऱ्यांच्या हातात तू स्वतः दे आणि लाल शेरा काढून घे. डॉक्टरांची पुढची तारीख २८ ऑगस्ट आहे. मुलीचं नाव पहिल्या क्रमांकावर लाव. समितीपुढे काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मी विचारणार नाही. पण अहवालातली ती ओळ पुरी कर. तिचे शब्द तिचे आहेत. ते तुझेही नाहीत आणि माझेही नाहीत.

तिच्या आईला मी धुलाईखान्याच्या फाटकावर सुट्टीच्या वेळी भेटले. पोर कुणाची ते ठरलं आहे का, असं तिने विचारलं. म्हटलं, पोर तुमची. काम पलीकडच्या केंद्राचं. चूक आमच्या दोघींची. ती म्हणाली, "बघू, किती दिवस टिकतंय," आणि बस गाठायला गेली. आजी मुलीला आणेल. दर बुधवारी, चार वाजता. वार आणि वेळ बदलू नकोस.

तू विचारशील, की मीही यावं का. येणार नाही. निदान पहिले काही बुधवार नाही. मी दारात दिसले तर ती माझ्याकडे बघेल, आणि मला ते फार आवडेल. म्हणूनच येणार नाही. सप्टेंबरनंतर तिने स्वतः विचारलं तर कळव. तिने विचारलं तर, तुला वाटलं म्हणून नाही.

तिच्यासमोर बसलीस की बोलू नकोस. तुला ते जड जाईल. हातांना काम दे.

भांडारातून एक जुनी वस्तू आमच्या नोंदवहीतून कमी करून तुमच्याकडे वर्ग करायला मंजुरी मागितली. भांडारपाल म्हणाला, "बाई, एवढ्याशा वस्तूसाठी तीन सह्या?" मी म्हटलं, चार. चौथी घेणाऱ्याची.

निळ्या फ्रॉकमध्ये तू बरी दिसत होतीस.

तुझी,
ताई


हस्तांतरणाची नोंद
१५ जुलै, दुपारी दोन वाजता, पलीकडच्या नगरपालिकेचं बालकेंद्र

देणार: मार्गदर्शन कक्षप्रमुख. घेणार: बालकेंद्रप्रमुख.

१. फाइल क्रमांक एकशे सात, मूळ. पानं एकशे बारा. पान क्रमांक घातलेले आहेत. एकही पान कमी नाही.

२. भेटींच्या नोंदी, त्रेपन्न. प्रत्येक नोंदीत "बोलली नाही" या शब्दांखाली, त्या दिवशी दोघींनी मिळून किती पेन्सिलींना टोक केलं तो आकडा आज लाल शाईने घातला आहे. आकडे माझ्या रोजच्या टिपणवहीतून घेतले आहेत. ते आधीच लिहायला हवे होते.

३. टिपणवही, एक.

४. शाळेची पत्रं, चार.

५. पितळी वाटी, एक. भुगा काढलेला नाही.

६. पेन्सिलींना टोक करायचं यंत्र, हिरवं, एक, टेबलाला आवळायच्या स्क्रूसह. चालू स्थितीत. कसं वापरायचं ते मुलीला विचारावं.

वरील सर्व वस्तू तपासून दिल्या आणि घेतल्या. यंत्र खिडकीजवळच्या टेबलाला, नऊ वर्षांच्या मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर, आम्ही दोघींनी मिळून आवळलं. देणार तीन वाजून दहा मिनिटांनी परत गेल्या.

पुढील भेट: आज, चार वाजता.